कमरेला लावलेली सुपारी

लग्नाचा वाढदिवस आला की आमच्याकडे अल्बम निघतो. मी काढत नाही, नवरा काढतो. चष्मा पुसून, पलंगावर बैठक मारून एकेक पान उलटतो आणि म्हणतो, "काय झकास झालं होतं नाही आपलं लग्न!" मी म्हणते, हो. ते खोटंही नसतं. झकासच झालं होतं. मी त्या दिवशी खूप हसले, पोटभर जेवले, दोन उखाणे घेतले. माझी चीड आहे ती नेमकी ह्याच गोष्टीची.

लग्न जयपूरला झालं, ऐंशीच्या दशकात. माझे वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. बदली होऊन तिथे आले आणि मी नववीत असताना तिथेच गेले. आईला त्यांच्याच ऑफिसात कारकुनाची नोकरी मिळाली. तेराव्याला साताऱ्याहून काका आले होते, वडिलांचे धाकटे भाऊ. म्हणाले, "वहिनी, आता गावी चला." आई म्हणाली, "पोरीची शाळा मोडेल." झालं, काकांची जबाबदारी संपली. पुढच्या आठ वर्षांत त्यांनी जयपूरचं तोंड पाहिलं नाही. दिवाळीला पत्र मात्र न चुकता यायचं, आणि त्याच्या शेवटी असायचं, "काही लागलं तर कळवावे." आईला बरंच काही लागलं. तिने कळवलं नाही.

मला बी.ए. केलं तिने. रोज सकाळी डबा, मग बस, मग ऑफिस, मग येताना भाजी. स्थळही तिनेच शोधलं. विमा कंपनीत नोकरी, मूळचा सांगलीचा, नुकताच जयपूरला बदलून आलेला मुलगा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आईने त्याला आरतीत टाळ वाजवताना पाहिलं होतं. "तालात वाजवत होता गं," एवढंच ती म्हणाली. तेवढ्यावर तिने पत्र धाडलं आणि पाच महिन्यांत जमवूनही टाकलं.

साखरपुडा माघात झाला, बनी पार्कातल्या आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर. तिथलं माघातलं ऊन अंगावर शालीसारखं घ्यावं असं असतं. संक्रांत होऊन गेली होती, तरी गच्चीवर मांज्याचे तुकडे सापडत. एक तुकडा नवऱ्या मुलाच्या पायात गुंतला. तो सोडवायला तो वाकला तशी त्याची टोपी पडली, आणि ती उचलायला मी वाकले तर दोघांची डोकी आपटली. सगळी गच्ची हसली. माझ्या आयुष्यातल्या अगदी चांगल्या क्षणांत मी तो अजूनही धरते, कितीही चिडले तरी.

पण मुलाला ओवाळायची वेळ आली आणि आई मागे सरली. ओवाळायला सवाष्ण लागते. शेजारी एका फौजी अधिकाऱ्याची मराठी बायको राहायची, तिच्या हाती तबक गेलं. ते तबक आईनेच लावलेलं होतं, वातही तिनेच वळलेली. ती पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिली आणि तिथून हसून बघत राहिली. मला ते हसू सहन झालं नाही.

चार दिवसांनी आम्हा दोघांना फिरायला जायची परवानगी मिळाली. स्कूटरवरून बगरूला गेलो, छापाच्या चादरी बघायला. रंगाऱ्यांच्या अंगणात ओली कापडं वाळत पडली होती. तिथे मी त्याला सांगून टाकलं, "कन्यादान माझी आई करेल. काका नाहीत, आत्या नाहीत, आई. तुम्हाला मान्य नसेल तर आत्ताच सांगा."

"मान्य आहे," तो म्हणाला. "त्यात विचारायचं काय? मोठं तर त्यांनीच केलंय तुला."

त्या वाक्यासाठी मी त्याच्यावर जीव टाकला. खरंच टाकला. येताना वारा तोंडावर येत होता आणि मी मनात म्हणत होते, देवा, किती चांगलं माणूस दिलंस.

घरी येऊन आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "मतलब, त्याला चालेल म्हणाला?" तिने दोनदा विचारलं. उत्तर भारतात राहून तिच्या बोलण्यात असले शब्द शिरले होते, घाईत तर हमखास यायचे. मी म्हटलं, "आई, तू नाही बसलीस तर मी बोहल्यावर चढणार नाही. शपथ." तव्यावरची पोळी करपली. रात्री तिने ट्रंक उघडली आणि वडिलांनी घेतलेली मोहरी रंगाची नारायणपेठी बाहेर काढली. आठ वर्षांनी. दुसऱ्या दिवशी ती इस्त्रीला गेली, आणि मग तीन महिने खुर्चीच्या पाठीवर पांघरुणाखाली राहिली, घडी मोडू नये म्हणून.

लग्न वैशाखात, स्टेशनजवळच्या एका धर्मशाळेत, मुहूर्त सकाळी अकरा चाळीसचा. जयपुरात लग्नं रात्रीची. आईच्या ऑफिसातल्या बायकांना तिने पत्रिका दिली, तोंडी सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. त्या हसल्या, "दिन में भी कोई शादी होती है, बहनजी?" त्यांनी ठरवून टाकलं की छपाईत चूक झाली आहे. संध्याकाळी सातला नटूनथटून आल्या तेव्हा मांडव उतरत होता. म्हणजे सकाळी आईच्या बाजूचं म्हणावं असं तिथे कोणी नव्हतंच. होते ते सगळे काकांचे आणि सांगलीचे.

काका आदल्या दिवशी आले. त्यांच्याबरोबर आत्या, वडिलांची थोरली बहीण. काकू दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. आल्या आल्या काकांनी धर्मशाळाभर फेरी मारली, हलवायाला दोन शब्द सुनावले, मांडववाल्याला तीन, आणि जो दिसेल त्याला सांगितलं, "मी मुलीचा काका. करता-सवरता मीच." इतकी वर्षं कुठे होतास रे बाबा, असं त्यांना कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी मेंदी सुकवत बसले होते.

लग्नाच्या दिवशी सकाळी आत्या आईला म्हणाल्या, "तू कोठीवर बस हो. तिथे विश्वासाचं माणूस हवं. ही हलवायाची माणसं, काय सांगावं?" कोठी म्हणजे मांडवामागची खोली. पानसुपारी, नारळ, अक्षतांची पिशवी, आणि सकाळीच वळलेले बुंदीचे लाडू तिथे परातीत उघडे ठेवले होते, अजून ओलसर होते म्हणून. खिडकी नाही. वैशाखातलं जयपूर, आणि सगळे कूलर मांडवात. आई म्हणाली, "बरं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्षता पडताना आईने बघायचं नसतंच. कन्यादानाला हाक मार, येईन." नारायणपेठी नेसली होती. मी म्हटलं, "मारते."

अक्षता पडल्या. अंतरपाट दूर झाला, हार घातले, बँडवाल्याने त्याला येत होती ती धून वाजवली. मग कन्यादानाची तयारी झाली आणि काका सोवळं नेसून पाटावर येऊन बसले. एकटेच. कमरेला सुपारी खोचलेली.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. धर्मकार्याला जोडीने बसावं लागतं. बायको वारलेली असेल तर पुरुष कमरेला सुपारी लावतो. ती सुपारी म्हणजे त्याची बायको. चालतं. कोणाची ना नसते. पुरुषाची बायको गेली तर तिच्या जागी सुपारी भागते आणि तो पहिल्या पाटावर बसतो. बाईचा नवरा गेला तर तिच्यासाठी सुपारी नाही, तिच्यासाठी कोठी.

गुरुजी ग्वाल्हेरहून आणलेले, म्हातारे, शांत. त्यांनी सुपारीकडे बघितलं आणि विचारलं, "मुलीची आई आहे ना? आईला अधिकार आहे. शास्त्राची काही हरकत नाही."

काका म्हणाले, "वहिनी कोठीवर आहेत. त्यांचंच म्हणणं आहे मी बसावं."

हे धादांत खोटं होतं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी नुसतं पाहिलं नाही, ते थांबले. मला वेळ दिला त्यांनी. कोठीचं दार माझ्यापासून वीस पावलांवर होतं. "थांबा" एवढा एक शब्द पुरला असता. "आई" हाही पुरला असता.

मी नवऱ्याकडे बघितलं. बगरूचा शब्द त्याला आठवत होता, त्याच्या चेहऱ्यावर दिसलं मला ते. तो जरा वाकला आणि हळूच म्हणाला, "जाऊ दे ना आता. लोक जेवायचे खोळंबलेत."

जेवायचे! माझ्या आईची आठ वर्षं एका पंगतीने अडवली. त्याच्यावर मी नंतर पुष्कळ ओरडले आहे, त्या एका वाक्यावरून आयुष्यभर ओरडले आहे. तो बिचारा दर वेळी म्हणतो, "अगं पण तू तरी कुठे काही बोललीस?" आणि तिथे माझं तोंड बंद होतं. कारण मी मान खाली घातली होती. नवरीने मान खाली घातली की सगळ्यांना बरंच वाटतं. आत्या मागून म्हणाल्याही, "लाजतेय गं पोर." गुरुजींनी पळी उचलली.

काकांनी माझा हात धरून नवऱ्याच्या हातात दिला. त्या हाताने मला कधी एक वही घेऊन दिली नव्हती. पाणी सोडताना ते रडलेही. फोटोग्राफर जयपूरचाच होता, आमच्या रीती त्याला ठाऊक नव्हत्या. तो ओरडला, "लडकी की माताजी को बुलाइए, एक फोटो उनके साथ!" काका म्हणाले, "वो काम में हैं. आप खींचिए." त्याने खींचला. तो फोटो अल्बमात सातव्या पानावर आहे. काकांच्या कमरेची सुपारी त्यात अगदी स्पष्ट दिसते.

मग पंगत बसली. मला आणि नवऱ्याला मधल्या पाटांवर बसवलं, ताटाभोवती रांगोळी, समोर उदबत्ती. हलवायाने वरणाला लाल मिरचीची फोडणी दिली होती, सांगलीचे लोक हुश्शहुश्श करत होते आणि एकमेकांची थट्टा करत होते. मीही हसले. खोटं कशाला सांगू, मला भूक लागली होती, मी नवी नवरी होते, आणि पाटावर शेजारी बसलेला माणूस मला आवडत होता.

घास भरवायची वेळ आली. त्याने लाडू मोडला आणि अर्धा माझ्या तोंडात घातला. दाताखाली काहीतरी कचकन आलं. मी पदराआड तोंड करून ते बोटावर काढलं. कच्चा तांदूळ. कुंकवात रंगवलेला.

तेवढ्यात पलीकडच्या ओळीतून कोणीतरी म्हणालं, "अहो, लाडवात अक्षता!" दुसऱ्यालाही सापडल्या, तिसऱ्यालाही. हशा पिकला. काका उठून हलवायावर ओरडायला निघाले. आत्या म्हणाल्या, "शुभच आहे की, असू दे."

हलवायाने अक्षता कुठून आणल्या असत्या? पिशवी कोठीत होती.

बंद दाराआडून आईला मंगलाष्टकं ऐकू येत होती. प्रत्येक "सावधान"ला तिने मूठ भरली असेल आणि टाकली असेल. माझ्यावर नाही टाकता आल्या, समोर लाडूच होते. ओले होते, चिकटल्या. मग कन्यादानाचे मंत्रही ऐकू आले असतील तिला. हाकेची वाट बघत, नारायणपेठी सावरत ती दाराशी येऊन उभी राहिली असेल का, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती गेल्याला आता बारा वर्षं झाली. पाठवणीच्या वेळी ती बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती. मला जवळ घेऊन म्हणाली, "छान झालं हो सगळं. गुरुजींचा आवाज किती गोड." शपथेबद्दल एक अक्षर नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. बोलली असती तर मला माफी तरी मागता आली असती.

पण हे सगळं पुढचं. त्या पाटावर माझ्या बोटावर तो एक लाल दाणा होता. सगळ्या जगाच्या अक्षता माझ्या डोक्यावर पडल्या होत्या, आणि आईची ही एवढी एक माझ्यापर्यंत पोचली होती. अजूनही उठता आलं असतं. कोठी तिथेच होती.

मी तो दाणा परत तोंडात टाकला, चावला आणि गिळला.

"उखाणा! उखाणा!" सगळे ओरडत होते. मी पदर सावरला आणि उखाणा घेतला.