नानांचे दोन टोले

इथे आपले गूढ अनुभव लिहिणारे बरेच जण सुरुवातीलाच सांगतात की आपला असल्या गोष्टींवर विश्वास नाही... आणि मी दर वेळी वाचताना हसते, की मग लिहायला कशाला बसलात? आज मीच बसलेय, तेव्हा मलाही खुशाल हसून घ्या. अलिबागजवळ माझं औषधांचं दुकान आहे. मांजर आडवं गेलं तर मी त्याला वाट देते आणि पुढे निघते. सासूबाईंनी माझ्या मुलीची, सईची, दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेतल्या की मी थर्मामीटर घेते. आमच्या घरात हे भांडण रोजचं आहे आणि दोघींच्याही आवडीचं आहे.

आधी नानांबद्दल सांगते. नाना म्हणजे माझे सासरे. आमचं गाव रेवसच्या आतल्या अंगाला, भातशेतीचं. शेती थोडकी, म्हणून नानांनी जन्मभर रेवस ते भाऊचा धक्का या लाँचवर इंजिन ड्रायव्हरची नोकरी केली. लाँचचा ड्रायव्हर म्हटलं की लोकांना वाटतं, वारा खात सुकाणू धरून उभा असेल. तसं नसतं. सुकाणू वर सारंगाच्या हातात. ड्रायव्हर खाली इंजिनाच्या खोलीत, डिझेलच्या वासात. त्याला ना समुद्र दिसतो ना धक्का. वरून सारंग दोरी ओढणार, खाली घंटा वाजणार, आणि त्या घंटेवर ह्याने इंजिन चालवायचं. नानांच्या लाँचवर एक टोला म्हणजे चल, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे घे.

"दोन पडले की आधी थांबायचा," नाना सांगायचे. "का म्हणून, ते मंग इचारायचा. वरच्याला दिसतंय, आपल्याला दिसत न्हाय. इचारीत बसलास तर धक्क्यावर आपटशील."

निवृत्त झाल्यावर ही भाषा ते घरी घेऊन आले. बोलणं मुळात कमी. उजव्या हातात चांदीची जाड अंगठी होती, ती वाजवायचे — ताटाच्या कडेवर, दाराच्या चौकटीवर. जेवताना एक टोला म्हणजे भात येऊ दे, दोन म्हणजे पुरे. मी नवी सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं, कुठल्या घरात येऊन पडले! पुढे मीच ओट्यावर पळी आपटून त्यांना उत्तरं द्यायला लागले. सई तर बोलायच्या आधी टोले शिकली. अंगणातून रस्त्याकडे धावली की नाना ओटीवरून दोन टोले द्यायचे आणि ही जागच्या जागी पुतळा. त्या दोन टोल्यांमध्ये त्यांची अशी एक ठरलेली फट असायची. टक्... जरा श्वास घेतल्यासारखं... आणि मग टक्. दुसऱ्या कुणाला ते तसं जमायचं नाही. निलेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अजिबातच नाही.

परदेशात आगगाडीने फिरायचं स्वप्नही नानांचंच. "जनमभर परवास केला, पन खिडकी न्हाय मिळाली," म्हणायचे. "मला एकदा लांबच्या गाडीत खिडकीला बसव." निलेशने मनावर घेतलं, सगळ्यांचे पासपोर्ट झाले... आणि गेल्या थंडीत नाना दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

आई — सासूबाईंना मी आईच म्हणते — म्हणाल्या, आता मी कुठे येत न्हाय. सईने रडून रडून त्यांना तयार केलं. नानांची अंगठी काळ्या दोऱ्यात ओवून त्यांनी गळ्यात घातली आणि निघाल्या. पांढऱ्या कांद्यांची माळ पण न्यायची होती, ती मी विमानतळाच्या भीतीने घरीच ठेवायला लावली. अजून ऐकवतात.

तर, हे सगळं झालं ते साल्झबर्गहून शेजारच्या देशातल्या ल्युब्लियानाला जाताना. तिथे निलेशचा कॉलेजचा मित्र राहतो, त्याच्याकडे मुक्काम करायचा होता. आमच्या चार जागा मागच्या डब्यात होत्या. आई खिडकीला. डोंगर आला, धबधबा आला, की त्या स्वेटरमधून अंगठी बाहेर काढायच्या, काचेला लावायच्या आणि हळूच म्हणायच्या, "बघा." पहिल्यांदा मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी हसतंय का. दुसऱ्यांदा मला स्वतःलाच भरून आलं, मग मी सईची वेणी घालायला घेतली. एक लांबलचक बोगदा संपून एकदम ऊन आलं तेव्हा तर आईंनी अंगठी काचेवर धरूनच ठेवली.

आणि इथे आमच्या साहेबांची लाँचची खोड उफाळून आली. रेवसची माणसं लाँचमध्ये अर्धी वाट सरली की पुढे सरकायला लागतात. पुढे उभं राहिलं की धक्क्यावर आधी उडी, आणि आधी उडी म्हणजे एसटीत जागा. निलेशच्या रक्तातच आहे ते. ल्युब्लियाना अजून पुष्कळ लांब होतं, तरी ह्याचं सुरू — पुढचे डबे रिकामे आहेत, पुढे जाऊन बसू, उतरायला बरं पडेल. मी म्हटलं, आपल्या जागा इथे आहेत. तो म्हणाला, "अगं, गाडी एकच आहे ना? पुढे बसलं काय नि मागे बसलं काय, जाणार तर एकाच गावाला."

लाँचच्या माणसाला हे कोण सांगणार, की आगगाडी मध्येच तुटून दोन गावांना जाऊ शकते! प्रत्येक डब्यावर त्याचं त्याचं गाव लिहिलेलं होतं. सूचना पण झाली असणार, आम्ही आपले बोगद्याच्या कौतुकात. बॅगा ओढत आम्ही चौघं पुढच्या डब्यात जाऊन बसलो. बसल्यावर सईला आठवलं की तिची टोपी जुन्या जागेवर राहिली. "घेऊन ये पटकन," मीच म्हटलं. गाडीतल्या गाडीत तर जायचं होतं. ती गेली आणि थोड्या वेळात फिलाख नावाचं स्टेशन आलं, गाडी थांबली.

मी निवांत होते. मुलगी टोपी घेऊन येईलच. निलेश पाठमोरा उभा राहून वरच्या फळीवर बॅग कोंबत होता, त्या बॅगेची चाकं कडकड वाजत होती. आणि तेवढ्यात...

टक्.

...टक्.

खिडकीच्या काचेवर. बाहेरून की आतून, ते आजही सांगता येणार नाही. पण ती मधली फट! आईंकडे पाहिलं तर त्या केव्हाच उभ्या राहिल्या होत्या.

"दोन पडले," त्या म्हणाल्या. "उतर खाली."

"आई, अहो सई येतेय..."

"उतर म्हनते ना गो." माझं मनगट त्यांनी असं धरलं की सोडवता येईना. खरं सांगायचं तर मी सोडवलंही नाही. त्या घरात इतकी वर्षं काढल्यावर दोन टोल्यांनंतर कुणी का म्हणून विचारत नाही. निलेश मागून ओरडला, "अगं कुठे निघालात? मी बॅगांजवळ थांबतो." आम्ही फलाटावर उतरलो.

मी मागे पाहिलं, आणि गाडी संपलेली होती. आमच्या मागे एक डबा, त्याच्यामागे उघडे रूळ, रुळांत नारिंगी जाकिटातला एक माणूस, आणि त्याच्या पलीकडे, सुटे होऊन उभे असलेले मागचे डबे.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. गुडघ्यांचं दुखणं घेऊन आई पण धावल्या. आमच्या जुन्या डब्याचं दार उघडलं तर सई आपल्या जागेवर, डोक्यात टोपी, हात मांडीवर, शहाण्यासारखी बसलेली. तिला छातीशी धरून खाली उतरवलं, कारण तिकिटं, पासपोर्ट, पैसे, सगळं निलेशच्या कमरेच्या पाकिटात होतं. आणि आम्ही तिघी फलाटावर उभ्या असतानाच पुढची गाडी हलली. खिडकीला नाक लावून निलेश, तोंड उघडं, हात वर. चार बॅगा घेऊन तो भलत्याच गावाला निघून गेला. इतक्या घाबरलेल्या अवस्थेतही आईंना हसू फुटलं. "गेला," म्हणाल्या, "आधी पोचायला."

थोड्या वेळाने जुने डबेही निघाले, आम्हाला जायचं होतं त्याच गावाला, आमच्याशिवाय. फोनवर निलेश म्हणाला की पुढच्या मोठ्या स्टेशनला उतरून परत येतो. आम्ही बाकावर बसलो. माझ्या पर्समध्ये चिवड्याची पुडी होती, ती तिघींनी खाल्ली. मग मी सईला विचारलं, "तू तिथेच कशी काय बसून राहिलीस? उतरली नाहीस ते किती बरं झालं."

"उतरतच होते," ती म्हणाली. "मधलं दार उघडेना. मग म्हटलं फलाटावरून धावत तुमच्याकडे येते. दाराचं बटण दाबणार होते, तर नानांनी दोन वाजवले."

"कुठे?"

"काचेवर." आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागली. तिला त्यात नवल वाटलंच नव्हतं. नानांनी दोन वाजवले, म्हणून ती थांबली.

ती उतरली असती तर... आम्ही मागे धावतोय, ती पुढे धावतेय, परका फलाट, गर्दीत चुकामूक, दोन गाड्या दोन गावांना सुटतायत. माझी नऊ वर्षांची मुलगी बापाला शोधत एका गाडीत चढली असती आणि मी तिला दुसरीत शोधत राहिले असते. किंवा आम्ही उतरलोच नसतो, आणि तिची गाडी तिला घेऊन दुसऱ्या देशात गेली असती.

निलेश परत आला तो घामाघूम, चारही बॅगांसकट. आधी त्याने सईला कवटाळलं. मग मी त्याला टोल्यांचं सांगितलं. लहान मुलासारखं विचारलं त्याने, "मला कसे नाही ऐकू आले? मी तर त्यांचा मुलगा..."

आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुला आले असते तर तू आधी का म्हनून इचारला असतास, बाला. त्यांना घाई व्हती." तो रडता रडता हसला.

मी मात्र शांत बसणारी नव्हे. ल्युब्लियानाला त्या मित्राला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, डबे सुटे करताना लोखंडाचे आवाज होतात, झटका बसतो. मान्य. पण तो काचेवर टक् असा? दोनदाच? मधल्या त्या फटीसकट? आणि सुट्या झालेल्या दोन गाड्यांत, पुढे आम्हाला आणि मागे सईला? अंगठीचंही मी पाहिलं होतं — ती आईंच्या स्वेटरच्या आत, दोऱ्यात होती. मित्र म्हणाला, भीतीने माणसाला भास होतात. पण भीती टोल्यांनंतर वाटली हो, आधी आम्ही निवांतच होतो.

आईंना असले प्रश्न पडत नाहीत. फिलाखहून पुढच्या गाडीत त्या खिडकीला बसल्या आणि मला म्हणाल्या, "इतकी वर्सा खाली बसून ऐकला त्यांनी. आता ते वर हायत. त्यांना दिसतंय, आपल्याला दिसत न्हाय." मग अंगठी बाहेर काढली आणि खिडकीच्या कडेवर एकदाच वाजवली. गाडी निघाली. ती सुटायची वेळच झाली होती, हे मी माझ्या समाधानासाठी लिहून ठेवते.

घरी येऊन आता काही महिने झाले. दृष्ट काढण्यावरून आमचं भांडण चालूच आहे, थर्मामीटर मी सोडलेला नाही. त्या टोल्यांचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा. तोवर एवढंच ठरवलंय, की परत कधी ते दोन टोले ऐकू आले तर मी आधी थांबणार. का म्हणून, ते मग विचारीन.