रेश्माचं वाक्य मी पूर्ण केलं

"नाव सांगा," चेअरमन म्हणाले.

रेश्मा उभी होती. तिने नाव सांगितलं. आडनावाशी ती अडकली. "प... प..." ओठ मिटलेले, मान किंचित पुढे. 'पावरा' हा शब्द बाहेर यायला बराच वेळ लागला. तेवढ्यात बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी दोन वेळा घड्याळ पाहिलं. तिला मिळालेली दहा मिनिटं सुरू झाली होती.

मी तिची गाईड. टेबलाच्या कडेला, कमिटीच्या बाजूने बसले होते.

मी जळगावला एका संस्थेत तीस वर्षं शिकवलं. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण इथे सांगायची चूक मुख्यतः माझी आहे. माझा विषय वक्तृत्वशास्त्र. म्हणजे भाषणं पाठ करून घेणं नव्हे. एक माणूस बोलतो आणि दुसऱ्याला ते पटतं किंवा पटत नाही, ते का, याचा अभ्यास. धुळ्याला शाळेत असताना मी वक्तृत्वाच्या ढाली घरी आणायचे. माझी जीभ कधी अडखळली नाही. नोकरीला लागल्यावर मात्र मला उलट्या बाजूचे प्रश्न पडू लागले. ज्याचं बोलणं तुटक आहे, ज्याला ऐकू येत नाही, जो आदिवासी आहे आणि घरी वेगळी भाषा बोलतो, त्याचं म्हणणं समोरचा 'म्हणणं' म्हणून धरतो का? अपंगत्व आणि जातजमात या दोन गोष्टी बोलण्याच्या जागी एकत्र येतात तेव्हा काय होतं? यावर मी पेपर लिहिले. परिषदांना गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रेश्मा यावल तालुक्यातली. सातपुड्याच्या पायथ्याचा पाडा. घरात पावरी बोली. लहानपणापासून अडखळत बोलायची. एम.ए.ला माझ्या वर्गात ती शेवटच्या बाकावर बसायची आणि उत्तरपत्रिका अशी लिहायची की मी ती घरी नेऊन परत वाचायचे.

पीएच.डी.साठी तिने विषय आणला तो तिचाच. अपंगत्वाचं प्रमाणपत्र देण्यासाठी गावोगाव शिबिरं भरतात. तिथे डॉक्टर काय विचारतात, समोरचा काय सांगतो आणि शेवटी कागदावर काय लिहिलं जातं. तिने तीन तालुक्यांत फिरून, लोकांची परवानगी घेऊन, बोलणं रेकॉर्ड केलं. पिंपळनेरकडच्या पाड्यांवर ती आठवडाभर राहून आली. एकेक संवाद तिने वहीत उतरवला होता. कोण किती सेकंद गप्प होतं तेही लिहिलेलं.

पीएच.डी.ला नाव नोंदवायचं तर आधी सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, कमिटीसमोर तोंडी मांडावा लागतो. कमिटी हो म्हणाली तर पुढचं सगळं. फेलोशिपही त्यावरच. रेश्माला त्या फेलोशिपशिवाय जळगावात राहणं शक्य नव्हतं.

लेखी परीक्षेत अपंग विद्यार्थ्याला जादा वेळ मिळतो. तोंडी सादरीकरणाचं आमच्याकडे काही ठरलेलं नव्हतं. मी अर्ज घेऊन चेअरमनकडे गेले.

"सर, हिला वीस मिनिटं द्या. बोलायला वेळ लागतो."

"प्रमाणपत्र आहे का?"

"गेली होती. टक्केवारीत बसत नाही म्हणून परत पाठवली."

"मग मी फाईलला काय लावू, मॅडम? उद्या दुसराही येईल, म्हणेल मला भीती वाटते, वेळ द्या. तिला म्हणा, पाठ करून ये."

मी अजून बोलू शकले असते. लेखी नोट देऊ शकले असते. पण रेश्माच्याच दिवशी माझ्या आणखी एका विद्यार्थ्याचा सिनॉप्सिस होता. चेअरमनना कशाला चिडवायचं, असा विचार मी केला. अर्ज परत पर्समध्ये घातला.

रेश्माला सांगितलं तेव्हा ती रडली वगैरे नाही. म्हणाली, तिच्या पद्धतीने, थांबत थांबत, "दहा तर दहा. मी कमी बोलेन. पण मॅडम, एक. मी अडकले तर तुम्ही मध्ये बोलू नका. वेळ लागेल. पण मी बोलेन."

"नाही बोलणार," मी म्हणाले.

मे महिना होता. हॉलमधला पंखा गरम हवाच फिरवत होता. रेश्मासोबत तिची थोरली बहीण आली होती, जमना. पहाटेच्या एसटीने दोघी आल्या. जमना मागच्या भिंतीला लागून खुर्चीवर बसली, पदर डोक्यावर, हात मांडीवर. तिच्या नावाचं प्रमाणपत्र आहे, मतिमंदतेचं, एवढं मला रेश्माने एकदा सांगितलं होतं. मी त्यावर पुढे काही विचारलं नव्हतं. असेल, असं धरून चालले होते.

रेश्माने सुरुवात बरी केली. विषय सांगितला. पद्धत सांगितली. मध्ये दोनदा अडकली, दोन्ही वेळा सुटली. मी हात टेबलाखाली धरून ठेवले होते. सात मिनिटं झाली. मग तिने हातातला कागद खाली ठेवला आणि सिनॉप्सिसमध्ये नसलेलं काहीतरी सांगायला लागली.

"हा विषय मी का घेतला. माझी थोरली बहीण. ती सात वर्षांची होती. तिला शिबिरात... म... म..."

शब्द अडकला. तिचे डोळे मिटले. चेअरमन पेनाने टेबलावर टकटक करू लागले. तज्ज्ञ मोबाईलकडे बघत होते. कुणीतरी खोकलं. "म... म..."

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मला तो फार वाटला. तिचं नुकसान होतंय, मिनिटं जातायत, कमिटीचा चेहरा पडतोय, एवढंच डोक्यात होतं. आणि मी बोलले.

"सर, तिला म्हणायचंय की तिची थोरली बहीण मतिमंद आहे. त्या अनुभवातून हा विषय तिला सुचला."

छान, स्वच्छ, एका दमात. ढाली आणायचे तशी.

तज्ज्ञांनी मान वर केली. "अच्छा. म्हणजे घरातलाच प्रश्न आहे." त्यांचा आवाज मऊ झाला. "वाईट वाटलं ऐकून. पण बेटा, संशोधनात असं गुंतून चालत नाही. तटस्थपणा लागतो."

"नाही," रेश्मा म्हणाली.

हा शब्द मात्र अडखळला नाही.

"वेळ संपली," चेअरमन म्हणाले. "मॅडमनी सांगितलंय ना, आलं लक्षात. थँक यू. नेक्स्ट."

ती उभीच राहिली. पुढचा विद्यार्थी लॅपटॉपची वायर घेऊन तिच्या शेजारी येऊन थांबला, तेव्हा ती बाजूला झाली. मागच्या भिंतीकडची खुर्ची रिकामी होती. जमना कधी उठून गेली मला दिसलं नाही.

माझ्या दुसऱ्या विद्यार्थ्याचं सादरीकरण होईपर्यंत मी तिथेच बसले. हेही सांगून टाकते. त्याचा सिनॉप्सिस पास झाला.

बाहेर आले तर आमचे शिपाई पुंडलिकनाना पाण्याचा जग घेऊन उभे. "बाई, त्या दोन्ही बहिनी जिनाखाले बठेल शेत," ते अहिराणीत म्हणाले. "मोठी काही बोली नही ऱ्हायनी."

मी जिन्याखाली गेले. जमना पाठमोरी होती. रेश्माने माझ्याकडे पाहिलं आणि बोलायला लागली. या वेळी मी थांबले. आता थांबणं सोपं होतं, कमिटी नव्हती.

"मी म्हणणार होते, मतिमंद लिहिलं. तुम्ही म्हणालात, मतिमंद आहे."

"मला वाटलं..." एवढंच मी म्हणाले.

जमना वळली. वीस वर्षं केळीच्या बागांत काम केलेली बाई. कुठल्या बागेतले घड कधी कापायला येतील ते बघून सांगणारी, पंधरा-वीस बायकांची टोळी चालवणारी. हे मला नंतर कळलं. मराठी ती चांगली बोलत होती.

"बाई, मी आश्रमशाळेत नवी होते. शिबिर आलं. डॉक्टरने चित्रं दाखवली. हे काय, ते काय. मला सगळी माहीत होती. मी आमच्या भाषेत सांगितली. त्यांना आमची भाषा येत नव्हती. मग त्यांनी कागद केला. माझा. शाळेने बापाला बोलावलं आणि सांगितलं, हिला घरी न्या."

ती ओरडली नाही. मला वाटतं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आज मी ऐकायला आले होते," ती म्हणाली. "रेश्मा म्हणाली, मोठ्या लोकांसमोर सांगणार आहे, कागद खोटा आहे म्हणून."

मी तिची माफी मागितली. तिने मान हलवली, पण ती 'ठीक आहे' म्हणून की 'नको' म्हणून, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. पावणेतीनची यावल गाडी पकडायची होती. दोघी गेल्या.

मी चेअरमनच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, माझ्या तोंडून चुकीचं गेलं. नोंद बदला, तिला परत बोलवा.

"मॅडम, मीटिंगचे मिनिट्स लिहून झाले." त्यांनी कागद पुढे केला. त्यात होतं : विषय वैयक्तिक स्वरूपाचा, उमेदवाराचं संवादकौशल्य अपुरं, नामंजूर. "आणि हे आम्हाला गाईडनेच सांगितलं ना? तुमचं वाक्य मी कसं खोडू?"

यात त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येईना.

मी लेखी पत्र दिलं. मग दुसरं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की पुढच्या फेरीत उमेदवाराला पुन्हा संधी मिळेल. विषय अधिक 'व्यापक' करावा. जादा वेळेबद्दल एक अक्षर नव्हतं. ते पत्र घेऊन मी एसटीने यावलला गेले, तिथून काळीपिवळी जीपने पाड्यावर. रेश्मा बहिणीच्या टोळीबरोबर कामाला जात होती. हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग. तिने पत्र वाचलं, घडी केली, मला परत दिलं.

"नको, मॅडम."

"एवढं काम केलंस. निदान पेपर तरी लिहू. तुझं नाव पहिलं, माझं दुसरं."

बराच वेळ लागला तिला. मी वाट बघितली.

"लोकांनी मला सांगितलंय," ती म्हणाली. "मी सांगेन. जमेल तेव्हा. तुम्ही नका सांगू."

माझ्याकडे असलेल्या रेकॉर्डिंगच्या कॉप्या मी तिला दिल्या आणि माझ्या कॉम्प्युटरवरून पुसल्या. जमनाचं प्रमाणपत्र रद्द करता येईल का, याचीही चौकशी केली. उत्तर मिळालं, पुन्हा तपासणीला यावं लागेल. जमनाला विचारलं. ती म्हणाली, "परत चित्रंच दाखवतील ना?" आणि ती आली नाही.

निवृत्त होण्याआधी मी आमच्या नियमावलीत एक ओळ घालून घेतली. बोलण्यात अडचण असलेल्या उमेदवाराला तोंडी सादरीकरणात दुप्पट वेळ द्यावा, प्रमाणपत्र मागू नये. मंजूर व्हायला दीड वर्ष लागलं. मी होते तोवर त्या ओळीखाली एकही अर्ज आला नाही. रेश्माचा येईल असं काही दिवस वाटायचं. ती आता कुठे असते ते मला माहीत नाही. पाड्यावर फोन केला की जमना उचलते, 'बरी शे' म्हणते आणि ठेवून देते.

नवीन मास्तरांनी मला विचारलं, अशा विद्यार्थ्यांशी कसं वागावं, तर मी एवढंच सांगते. विद्यार्थी शब्दावर अडकला की थांबा. तो काय म्हणणार आहे ते तुम्हाला आधीच माहीत आहे असं वाटलं, तर आणखी थांबा. मला माहीत होतं.