आजीच्या हातातला चमचा

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि वर दुष्काळ होता. आरोग्यसेविकांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पुण्याहून छापून आलेल्या तक्त्यावर ‘निर्जलीकरण’ असा शब्द होता. तो तक्ता मी भिंतीकडे तोंड करून ठेवला. खेड्यातल्या आजीपुढे हा शब्द काढणारीला घरी पाठवीन, असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

माझं शिकवणं सोपं होतं. पोराला जुलाब लागले की सुनेला उपदेश करायचा नाही. टंचाईत पाण्याचा हंडा सासूच्या ताब्यात असतो. बोलायचं तिच्याशी, तिच्या भाषेत, आणि मीठ-साखरेचं पाणी तिच्याच हातून करून घ्यायचं.

वर्गातली एक पोरगी निलंग्याकडची, बौद्ध घरातली, कानडी फाडफाड बोलणारी. तिने विचारलं, “बाई, तिच्याच हातून का? माझ्या हातचं चालत न्हाई म्हणून?”

“नाही. तू निघून आल्यावर पोराला कोण करून देणार, म्हणून.”

तिला ते पटलं नाही. चेहऱ्यावर दिसतच होतं.

तिच्यासोबत मी पहिल्यांदा गेले ते कानडी बोलणाऱ्या एका लिंगायत घरी. नातू आईच्या मांडीवर मलूल पडलेला, डोळे खोल गेलेले. आजीने त्याचं पाणीच तोडलं होतं. वरून घातलेलं खालून जातंय, म्हणाली. मग तिने पोरीचं गाव विचारलं, घराणं विचारलं. पोरीने खरं ते सांगितलं. आजी जरा मागे सरकली. मला संताप आला, पण इथे बोलायचं काम पोरीचं होतं.

पोरगी हलली नाही. “त्याच्या जिभेला बोट लावून बघा,” एवढंच कानडीत म्हणाली. आजीने बोट लावलं. जीभ कोरडी ठक्क होती. आजी उठली आणि तिने पाणी उकळायला ठेवलं.

गार झाल्यावर पोरगी सांगेल तसं तिने मीठ-साखर घातली. पाणी आसवांपेक्षा खारट नको, हे ऐकून चाखून पाहिलं, पण तंबाखूने मेलेल्या जिभेवर तिचा भरवसा बसेना. “रुची नोडव्वा,” चव बघ बाई, म्हणत तिने चमचा पुढे केला. पोरीने ओंजळ धरली. आजीने चमचा थेट तिच्या तोंडाला लावला.

पोरीने मान डोलावली. तोच चमचा वाटीत बुडवून आजीने नातवाच्या ओठांना लावला. चमचा आधी धुवायचा असतो, हे मीच वर्गात घोकून घेतलेलं. मी तोंड उघडलं नाही. पोराने घोट गिळला आणि आणखी हवं म्हणून जीभ बाहेर काढली.