इंजिनाले लावला वाळ्याचा कुलर

चहा आधी संपवा राजेहो, मंग ऐका. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तं एकाच्या नाकातून चहा आला, अन् वरून मलेच म्हणे, शर्ट धुऊन दे!

माझं सीताबर्डीत मोबाईलच्या कव्हरचं छोटंसं दुकान आहे. हात कव्हर विकते, डोक्यात मात्र गाड्या. स्वतःची गाडी नाही, तरी डोक्यात गाड्या. गाडी होती आमच्या मामाजीकडे. मामाजी म्हणजे माझे सासरे, शुभांगीचे बाबा. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. त्यांच्या अंगणात एक म्हातारी पेट्रोल गाडी उभी राहे. अडीच लाख किलोमीटरच्या वर पळालेली. चढ आला की अशी धापा टाके की बसणाऱ्यालेच लाज वाटे अन् तो उतरून पायी चाले. शेवटी मामाजीनं भंगारवाल्याशी बोलणं करून टाकलं.

मले हे कळलं अन् माझा जीवच गेला. धावत गेलो खापरखेड्याले. म्हटलं, "मामाजी, भंगारात नका देऊ. मले द्या. मी तिले टर्बो लावतो."

मामाजी सरसावून बसले. त्यांची सारी नोकरी टर्बाइनच्या घुंघुंमध्ये गेली. फिरणारं चाक म्हटलं की ह्या माणसाले भूक लागत नाही. त्यांनी लगेच शर्त ठेवली. ऐन मे महिन्यात त्यांना अन् सासूबाईले बसवून शहरात न्यायचं. वाटेतला मोठा उड्डाणपूल न थांबता चढला, तं गाडी माझी. नाही चढला, तं भंगारवाल्याची.

बस! तेव्हापासून दर रविवारी मी गुड्डूच्या गॅरेजात. गुड्डू माझा शाळेतला दोस्त. आमच्या दोघांच्याही खिशात ठणठणाट, पण जोश असा की विचारू नका. सारं इंजिन खोललं. ब्लॉक घासून आणला, रिंगा बदलल्या, बेअरिंग बदलले. टर्बो आणला कबाड्यातून, एका ठोकलेल्या डिझेल गाडीचा. पहिल्यांदा चालू केलं अन् त्या टर्बोनं 'सुंईंऽऽ' अशी शिट्टी मारली, तं मी अन् गुड्डू गॅरेजात नाचलो. खरंच नाचलो. बाजूचा पंक्चरवाला पण आला अन् काही न विचारता नाचून गेला.

आता अडचण कुठं आली, ते सांगतो. टर्बो इंजिनात हवा कोंबते. कोंबलेली हवा तापते. हवा तापली की इंजिन आतून ठकठक करते अन् बंद पडते. म्हणून हवा थंड करायले एक इंटरकुलर लावावं लागते, अन् ते आमच्या आवाक्यात नव्हतं. गुड्डू म्हणे, राहू दे, सध्या टर्बोचा जोर कमी ठेवू. अन् तो गेला साळीच्या, म्हणजे मेहुणीच्या, लग्नाले.

मी रात्रंदिवस तोच विचार करून राहिलो. अन् एका दुपारी घरी कुलरसमोर लोळत पडलो होतो ना, तेव्हा डोक्यात लाइट लागला.

अरे, आपण नागपूरचे! बाहेर रस्त्याचं डांबर वितळते अन् आपण आत चादर घेऊन झोपतो. कशाच्या जोरावर? वाळ्याच्या ताट्या अन् पाण्याचा पंप. आख्खं घर थंड करणाऱ्या माणसानं मूठभर हवेसाठी रडावं काहून?

झालं. पत्र्याचा एक डबा बनवला. त्याच्या तोंडाले वाळ्याची ताटी. ताटीवर पाणी सोडायले बॅटरीवर चालणारा छोटा पंप. गळलेलं पाणी जमा व्हायले तळाशी परात. परात कोणती? शुभांगीची, कणीक मळायची. डब्याच्या मागच्या बाजूनं, परातीच्या जरासा वर, टर्बोकडे जाणारा पाइप. हवा ओल्या वाळ्यातून येणार, गारेगार होणार, अन् सरळ इंजिनात! बोनटखाली डबा बसवला अन् मलेच माझा अभिमान वाटला. शुभांगी घरभर परात शोधून राहिली होती. मी पण तिच्यासोबत शोधून राहिलो होतो.

सपाट रस्त्यावर चक्कर मारून पाहिली. काय पळाली राजेहो! डोळ्यात पाणी आलं माझ्या.

मंग आला तो रविवार. ऊन असं की कुत्रं सावली सोडायले तयार नाही. मामाजी समोर बसले, सासूबाई अन् शुभांगी मागे. निघालो. टर्बोची शिट्टी, इंजिनाचा गुरगुराट, अन् वरून साऱ्या गाडीत वाळ्याचा वास! सासूबाई म्हणे, कसं देवघरात बसल्यासारखं वाटते. मामाजीनं तं ट्रकले मागे टाकल्यावर खिडकीतून त्या ड्रायव्हरले हात दाखवला. इतका खुश सासरा मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

रेल्वे फाटकावर थांबलो तं मामाजी म्हणे, बोनट खोला, मले पाहू द्या. पाहिलं. डब्यावरून हात फिरवला. परातीत बोट बुडवलं.

"जवाईबापू, पाणी कमी आहे. थंडावा अजून वाढवा."

अन् स्वतःच्या हातानं परात काठोकाठ भरली! मी अडवलं का? छे! मी दुसरी बॉटल पुढे केली.

आला पूल. मी तिसऱ्या गिअरवर घेतलं अन् पाय दाबला. टर्बो किंचाळला. गाडी अशी वर चढून राहिली की मामाजी सीटवर थापा मारून राहिले. अर्धा पूल मागे गेला. गाडी माझी झाली होती हो! मी मनात तिले रंग पण देऊन टाकला होता.

तेवढ्यात खाट्‌कन आवाज झाला अन् सारं शांत.

इंजिन बंद. सेल मारला तं हलेनाच. मागे हॉर्न, वर सूर्य, अन् मागच्या सीटवर सासूबाई देवाचं नाव घेऊन राहिल्या.

शेवटी एका टेम्पोनं ओढत गॅरेजात नेलं. गुड्डू लग्नाहून परत आला होता. त्यानं प्लग काढले अन् इंजिनातून पाणी आलं. वास येणारं, गार पाणी! सोबत वाळ्याच्या काड्या. गुड्डू पाहतच राहिला. डबा पाहिला, परात पाहिली, मंग माझ्याकडे पाहिलं.

"काबे, घरचा कुलर कधी पूल चढते का?"

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. गाडी चढावर वाकली, परात वाकली, अन् काठोकाठ पाणी पाइपातून थेट इंजिनात! हवा दाबली जाते, पाणी कुठं दाबलं जाते? इंजिन खोललं तं आतले पिस्टनचे रॉड साफ वाकले होते. पाणी इतकं भरलं कोणी, असं गुड्डूनं विचारलं तं मामाजी छताचा पंखा पाहायले लागले.

अन् शुभांगी? ती परातीकडे पाहून राहिली होती. मंग तिनं ती उचलली अन् काखेत मारली.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला गॅरेजात आला. चालू गाडी म्हणून बोलणं झालं होतं. त्यानं बोनट उघडलं, आत वाकून पाहिलं, बोनट हळूच बंद केलं अन् हात जोडून निघून गेला. चहा पण नाही घेतला.

मी मान खाली घालून उभा. मामाजी जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जवाईबापू, शर्त तुम्ही हरले."

"हो मामाजी."

"म्हणून गाडी तुमची. उद्याच्या उद्या उचला."

अन् राजेहो, ऐका आता माझी हद्द. हे ऐकून मी आनंदानं त्यांच्या पाया पडलो!