चढताना एक, उतरल्यावर एक

लाइनमनशी लग्न करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते लग्नानंतर झालेलं असल्यामुळे त्याचा आता काही उपयोग नाही.

कर्नाटकाच्या हद्दीवरच्या आळंदच्या एका कॉलेजात मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. आमचे हे आसपासच्या खेड्यांची वीज सांभाळतात. लग्नाला महिना झाला तेव्हाच मी त्यांना अट घातली होती. खांबावर चढायच्या आधी मला एक मिस कॉल द्यायचा आणि खाली उतरलात की दुसरा. उचलायचं नाही, बोलायचं नाही. दिवसातून दोन-तीनदा अशी जोडी वाजायची. पहिल्या आणि दुसऱ्या कॉलमधला वेळ मी कसा काढते ते माझं मला ठाऊक. भाजीत मीठ दोनदा पडतं, फळ्यावर स्पेलिंग चुकतं. उरलेला दिवस मात्र निवांत जायचा. माणूस जमिनीवर आहे एवढं कळलं की मला पुरे.

त्या दिवशी मी बारावीच्या मुलांना घरात रोज बोलला जाणारा एकेक इंग्रजी शब्द आणायला सांगितलं होतं. निम्म्या वर्गानं 'लाइन' आणला. माझं नशीब, दुसरं काय!

एकजण म्हणाला, "लाइन गेली." दुसरी म्हणाली, "आधारच्या लायनीत आई सकाळधरनं उभी हाय." कुणाचे काका उमरगा लाइनीवर जीप चालवतात, कुणाचा भाऊ उशिरा का होईना लाइनीला लागला. मागच्या बाकावरून 'लाइन मारणे' आलं आणि वर्ग खिदळला. एका मुलीनं सांगितलं, तिच्या मामाचं शेत लाइनीच्या पलीकडं, म्हणजे महाराष्ट्रात आहे, आणि घर अलीकडं. तिच्या आजीला ही लाइन काही अजून दिसलेली नाही. म्हातारी दोन्हीकडं सारख्याच शिव्या देते.

एवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला आणि थांबला. चढले. माझ्या हातातला खडू मोडला.

"मॅडम, ह्यो शब्द आला कुठनं पण?" एका मुलानं विचारलं.

मी आदल्या दिवशीच शब्दकोशात बघून ठेवलं होतं. म्हटलं, "जवसापासून."

"चटणीचं जवस?" "अगसी?" मराठी आणि कानडी दोन्ही बाजूंनी एकदम हसू फुटलं.

मी सांगू लागले. रोमन लोक जवसाच्या खोडाचे तंतू काढून दोरा वळायचे, त्या दोऱ्याचं नाव हे. गवंडी भिंत सरळ यावी म्हणून दोरी ताणतो ना, तशी ताणलेली दोरी म्हणजे लाइन. मग दोरी गेली आणि कागदावर तिची रेघ राहिली. मग माणसांची रांग, कवितेची ओळ, घराण्याची पिढी, नकाशावरची हद्द, आणि खांबावरची तार. सांगत होते खरं, पण डोळा फोनवर होता. तास संपला. फोन गप्प.

पुढच्या तासाला मी हजेरीच दोनदा घेतली. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी बाहेर येऊन ह्यांना फोन लावला, तर बंद. सबस्टेशनला लावला. तिथला माणूस कानडीत म्हणाला, अण्णांनी लाइन बंद करून घेतली आहे, अजून बंदच आहे, काळजी करू नका. कुठल्या शेताजवळ आहेत तेही त्यानं सांगितलं. तार बंद म्हणजे भीती नाही, हे डोक्याला कळत होतं, हातापायांना कळत नव्हतं. प्राचार्यांना काहीतरी थाप मारून मी स्कूटी काढली.

तूर फुलावर आली होती. बांधावरच्या लिंबाखाली आमचे हे शेतकऱ्यासोबत भाकरी खात बसले होते. चार्जिंग संपलेला फोन पिशवीत. मी स्कूटी आडवीच टाकली. जे तोंडाला येईल ते बोलले. परक्या माणसासमोर नवऱ्याला कधी 'अहो'शिवाय हाक न मारणारी मी, पण त्या दिवशी काही धरबंध राहिला नाही.

शेतकरी बिचारा मध्ये पडला. "अक्का, उगं भ्यायलाव तुमी. आज तर लाइन बंद करून चढले. परवा चालू लाइनीवर चढले न्हाई का! बंद केली की तीन गावच्या मोटारी थांबत्यात, लोकं बोंबलत्यात. अण्णानं धा मिंटांत जोडून दिलं बगा."

तो कौतुक करत होता. मी परवाचा दिवस आठवला. परवा एकही मिस कॉल आला नव्हता. म्हणून मी दुपारी कधी नाही ती तासभर झोपले होते.

"परवा कामून दिलाव न्हाई?" मी विचारलं.

ह्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "बंद लाइनीवर चढताना देतोच की."

"आन् चालू असली की?"

"चालू असली की कशाला द्यायचं? तू जीवाला घोर लावून घेतीस."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. इतकी वर्षं जिथं भ्यायचं काही नव्हतं तिथं मी भीत आले, आणि ज्या दिवशी हे मरणाला हात लावत होते त्या दिवशी निवांत भाज्या निवडत बसले. तिथंच, त्या बांधावर, मी त्यांना माझी शपथ घातली. तार चालू असो नाहीतर बंद, चढताना कॉल आलाच पाहिजे.

पूर्वी दोन-तीन जोड्या वाजायच्या. शपथेनंतरच्या पहिल्याच दिवशी सात वाजल्या.