निळ्या शाईची खाडी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. म्हणजे हसालच म्हणा, पण निदान चहा सांडू नका.

मी सरकारी मोजणीदार. सव्वीस वर्षं लोकांचे बांध मोजतोय. आमच्या रत्नागिरीत दोन सख्खे भाऊ वीतभर जागेसाठी आयुष्यभर बोलत नाहीत, पण मी जाऊन खुणा ठोकल्या की दोघंही गप्प! अशा माणसानं अंतर मोजण्यात गाढवपणा करावा? केला ना!

त्याचं असं झालं. आमची मुक्ता, वय वर्षं दहा, समुद्राच्या नादानं ठार वेडी. बाथरूममध्ये घमेलं, घमेल्यात खेकडे. एकदा मी अंघोळीला गेलो आणि... जाऊ दे, ते नको. तर खाडीकाठच्या एका शाळेत पाचवीपासून समुद्रविज्ञानाचा खास वर्ग निघाला. काचेच्या टाक्या काय, सूक्ष्मदर्शक काय, ओहोटी लागली की किनाऱ्यावरच तास! जागा फक्त तीस. मुक्तानं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही.

नियम एकच होता. शाळेपासून तीन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांना आधी प्रवेश. आणि आम्ही राहायला शहरात, पार लांब.

"मग घरच बदलू," मी म्हणालो. पोरीनं माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की माझा चष्माच वाकला.

शाळेच्या आसपास भाड्याचं घर काही मिळेना. शेवटी आंब्याच्या कलमांत एक छान चिऱ्याचं घर मिळालं. मालकीणबाईंना विचारलं, "काकू, शाळा किती लांब हो?"

"लांब कुठली? ही काय समोर!"

खरंच समोर! पडवीत उभं राहिलं की शाळेचं छप्पर दिसे, घंटासुद्धा ऐकू येई. मी तिथल्या तिथे मोबाईलवर अंतर काढलं. आठशे चाळीस मीटर!

आमची सुमन म्हणाली, "अहो, पण मधे..."

"मधे बोलू नकोस गं, आकडा चुकतो!"

"मधलंच बोलत होते मी," ती पुटपुटली. पण मोजणीच्या बाबतीत मी बायकोचं ऐकेन? कपाट, पलंग, तुळशीची कुंडी, खेकड्यांसकट घमेलं, सगळं टेम्पोत घालून आम्ही आठवड्यात राहायला आलो. अर्जाला जोडायला मी स्वतः नकाशा काढला. प्रमाण, उत्तर दिशा, सगळं रीतसर. घरापासून शाळेपर्यंत लाल रेघ. आणि खाडी निळ्या शाईनं रंगवली. या हातानं रंगवली हो!

मुलाखतीच्या दिवशी मी ऑफिसातून परस्पर गेलो. बघतो तर घरून निघालेल्या मायलेकी माझ्याआधी हजर. कशा आलात, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी नकाशा हातात घेतला. "सुरेख काढलाय हो! हे निळं काय?"

"खाडी."

"आणि ही लाल रेघ?"

"घर ते शाळा. आठशे चाळीस मीटर!" मी छाती काढून म्हणालो.

"ही खाडीवरून जातेय."

"हो, अगदी सरळ..." आणि तेव्हा कुठे मला माझीच निळी शाई दिसली.

"मुलगी पाण्यावरून चालत येणार का?" बाईंनी शांतपणे विचारलं. "पुलावरून वळसा घातला तर अकरा किलोमीटर होतात."

मुक्ताची हनुवटी थरथरायला लागली. खरं सांगतो, त्या क्षणी खाडीत उडी मारावीशी वाटली. पण मला पोहता येत नाही.

तेवढ्यात ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "पण बाई, आई आणि मी आत्ता तरीनं आलो. सात मिनिटं लागली."

'तर' म्हणजे माणसांना खाडी ओलांडून देणारी होडी. सुमननं माझ्याकडे बघितलं. ते बघणं अजून विसरलेलो नाही.

बाई हसल्या. "नियमात 'येण्याजाण्याचा मार्ग' असं लिहिलंय. मी स्वतः वीस वर्षं त्याच तरीनं येते. तो मार्ग नाही असं कसं म्हणू? पण मुलीबरोबर रोज घरचं मोठं माणूस हवं."

सुमनची अंगणवाडीतली नोकरी सकाळचीच. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

आता मी लांज्याकडचा, डोंगरातला. आमच्याकडे पाणी म्हणजे पऱ्याचं, ओढ्यातलं, गुडघाभर. त्याच्या वर गेलं की मला रामरक्षा आठवते! पण पोरीची हनुवटी अजून थरथरत होती.

"मी येईन," मी म्हणालो. आवाज माझाच होता, असं सुमन सांगते.

आता मुक्ता पाचवीत आहे. रोज सकाळी तरीत ती माझा हात धरून बसते. "बाबा, डोळे उघडा. श्वास घ्या. तो बघा बगळा." एवढासा हात, पण काय घट्ट धरते! खूप माया दाटून येते हो अशा वेळी, भीतीच्याही वर. धक्क्याला लागलो की नाखवा हाक मारतो, "काय गो मुक्ता, आणलंस का बाबांना नीट?"

मग ती पाठीवरचं दप्तर सावरत शाळेत पळते, आणि मी? संध्याकाळी तिला आणायला सुमन जाते, ते ठीक. पण ऑफिसला जायची माझी मोटरसायकल खाडीपलीकडे, घराच्या अंगणात असते. सकाळी तिथवर परत जायला तरीची होडी समोरच उभी, सात मिनिटांचं काम!

छे हो! परत जाताना हात कोण धरणार? मी एसटी पकडतो आणि पुलावरून वळसा घालून घरी जातो. अकरा किलोमीटर. अगदी अचूक आहे हो आकडा, रोज मोजतोय.