आवाज नसलेलं रेकॉर्डिंग

डोंबिवलीत आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला एक गृहस्थ यायचे. घड्याळ काढून ठेवायचे आणि मशीनलाच विचारायचे, "काय होतंय रे तुला?"

आई टीव्हीवर ओव्या म्हणणार होती. तो कार्यक्रम रेकॉर्ड करायला त्यांनी कॉम्प्युटरमध्ये टीव्हीचं ट्यूनर कार्ड बसवलं, आवाजही तपासून दिला. प्रत्यक्षात चित्र आलं, आवाज आलाच नाही. त्यांना बोलावून मी आईसमोर वाट्टेल ते बोललो.

ते कॉम्प्युटरमागे वाकले. कार्डाची आवाजाची वायर निघालेली होती आणि तिच्या जागी मी आदल्या दिवशी लावलेल्या माइकची पिन होती. त्यांनी ती काढली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आईला म्हणाले, "माझंच चुकलं, मावशी."

मी गप्प राहिलो. पुन्हा त्यांना बोलावण्याचं धाडस झालं नाही.

आई अजून म्हणते, "माणूस चांगला होता रे, जरा वेंधळा."

मी अजूनही गप्पच असतो.